संगीतोपचार : सर्वांच्या आवाक्यात

रुग्णास गाणी ऐकवून त्याचे मन रमविणे म्हणजे संगीतोपचार, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. निश्चित उद्दिष्ट समोर ठेवून, प्रशिक्षित व्यक्तीने गायन-वादनाच्या द्वारे हालचाल, वाणी, अवधान व परस्परसंवाद यांत सुधारणा घडवून आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न म्हणजे संगीतोपचार होय. त्यासाठी संगीताचे ज्ञान उपचार करणाऱ्यास असावे लागते. उपचार घेणाऱ्यास नव्हे.

मुलाच्या पाठोपाठ संगीत

अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ व ब्रिटिश विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ साली इंग्लंडमधील सनफील्ड बालगृहात विकलांग मुलांसाठी एकत्र कार्यास प्रारंभ केला. त्यांच्या पद्धतीत मुलास तयार चालीत बसविण्याऐवजी संगीतच मुलाच्या मागून जाते. मूल रडू लागले, तर त्या स्वराशी पियानोचा स्वर जुळविला जातो. त्याने ढोल वेडावाकडा बडविला, तर पियानो त्याच्या गतीने चालतो. आपल्या कृतीस उत्तर मिळते, हे उमगले की न बोलणाऱ्या मुलाशीही संवादाचा मार्ग खुला होऊ शकतो.

साधन व्यक्तीस अनुरूप हवे

हे तत्त्व आचरणात आणण्यास महागडी वाद्ये लागतातच असे नाही. ज्याची मूठ वळत नाही, त्याच्या मनगटास घुंगरू बांधता येतात. ढोलाच्या काठीस कापड गुंडाळून ती जाड केल्यास पकड सुलभ होते. कर्णबधिर मुलास डफावर तळहात ठेवून ताल कंपनांद्वारे जाणवतो. अंध व्यक्तीसाठी वाद्यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. बोलू न शकणाऱ्यास चित्रांच्या साहाय्याने गाणे निवडता येते. स्वमग्न मुलांपैकी काहींना मोठा आवाज असह्य होतो; तेथे झांज दूर ठेवून मंद स्वराने आरंभ करणे इष्ट ठरते.

मात्र, संगीतोपचाराने प्रत्येक व्याधी बरी होते, असा दावा करणे योग्य नव्हे. तो वैद्यकीय उपचारांना पूरक आहे. तसेच शाळेतील सामूहिक गायनास उपचार म्हणता येणार नाही; तथापि त्यात विकलांग मुलास खरेखुरे स्थान देणे शिक्षकांच्या हाती आहे.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. दिव्यांगांना सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे, यासाठी उपाययोजना करण्याचे कर्तव्य या अधिनियमाने शासनाप्रमाणेच स्थानिक प्राधिकरणांवरही सोपविले आहे. त्यांत पंचायतींचा अंतर्भाव होतो. गावच्या भजनात वा शाळेच्या लेझीम पथकात एखादे मूल कोपऱ्यात नुसते बसून राहत असेल, तर उणीव त्या मुलात शोधण्यापूर्वी त्याच्या हाती दिलेल्या, अथवा न दिलेल्या, साधनात शोधावयास हवी.