गरोदर सून आणि एचआयव्हीचा रुग्ण

अंथुर्ण्यासारख्या गावात आजाऱ्याची सेवा बहुधा सुनेच्याच वाट्याला येते. ती गरोदर असेल आणि आजाऱ्याला एचआयव्ही असेल, तर? तिने सेवा जरूर करावी. एकत्र जेवण, अंग पुसणे, ताटवाटी घासणे यांतून हा विषाणू पसरत नाही. पोटातल्या बाळालाही त्यातून धोका नाही.

जपायचे ते रक्तापासून. जखम बांधताना, रक्ताचे कपडे धुताना हातमोजे घालावेत. वापरलेली सुई टोचली, तरी लागण होण्याची शक्यता साधारण हजारात तीन. रुग्ण नियमित एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, घेत असेल तर त्याहून कमी. तरीही जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, शक्यतो दोन तासांतच सुरू व्हायला हव्यात. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात आणि गरोदरपणातही चालतात. टाळाटाळ नको, कारण गरोदरपणात नवी लागण झाली तर रक्तात विषाणू फार वाढतो आणि तो बाळापर्यंत पोचू शकतो.

मला खरी काळजी वाटते ती क्षयाची. एचआयव्हीबाधितांना तो लवकर गाठतो आणि हवेतून पसरतो. रुग्णाला खोकला असेल, तर तपासणी होईपर्यंत सेवा घरातल्या दुसऱ्या कुणी करावी, पुरुषांनीही. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.