सव्वाबाराचा कवडसा

दुपारी जेवणं झाली की मोठी माणसं आपल्याला झोपायला लावतात आणि स्वतःच घोरायला लागतात. आजोळी अशा वेळी मी कवडसा बघत पडायचो. कौलांमध्ये कुठेतरी बारीक फट असायची. तिच्यातून ऊन आत यायचं आणि सारवलेल्या जमिनीवर चांगला वाटोळा गोल पडायचा. तो गोल गुपचूप सरकायचा. सरकत सरकत खांबाला टेकला की समजायचं, आता आजी उठणार आणि चहाचं आधण ठेवणार.

गंमत म्हणजे फट वेडीवाकडी, पण कवडसा मात्र गोल! कारण तो फटीचा आकार नसतोच मुळी. ते सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी एखाद्या दाट झाडाखाली बघा, जमिनीवर शेकडो चंद्रकोरी सांडलेल्या दिसतील.

आज आपल्याला एका फार रुबाबदार कवडशाला भेटायला जायचंय. तो राहतो उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहरात, सान पेत्रोनिओ नावाच्या चर्चमध्ये. तारीख ठरवू 22 डिसेंबर. वेळ मात्र आपण ठरवायची नाही, ती त्याने ठरवलेली आहे : सव्वाबाराला मिनिट-दोन मिनिटं कमी असताना. तोवर सकाळ मोकळी आहे. गाइड नको, बस नको, जुनं गाव पायीच फिरता येतं. बूट घाला, कानटोपी घ्या (थंडी कडक असते) आणि खिशात एक दोरा टाका. बरोबर 38 सेंटिमीटर लांबीचा. का, ते नंतर कळेल.

नऊ वाजता सुरुवात दोन मनोऱ्यांपासून. नऊशे वर्षांपूर्वीचे हे मनोरे विटांचे आहेत, शेजारी शेजारी उभे आणि दोघेही कलते. पिसाच्या मनोऱ्याला जगभर प्रसिद्धी मिळाली आणि हे दोघे बिचारे मागे राहिले, हा माझ्या मते अन्यायच आहे. बुटका आहे तो गारिझेन्दा. तो पूर्वी जास्त उंच होता, पण पायाखालची जमीन खचून इतका वाकला की लोकांनी घाबरून चौदाव्या शतकात त्याचा वरचा भाग उतरवला. आता तो 48 मीटर उरलाय आणि अजूनही काळजीच आहे. म्हणून 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याभोवतीची जागा बंद केली, आणि शेजारच्या असिनेल्ली मनोऱ्यावर चढणंही थांबवलं. तेव्हा आपण लांबूनच मान वर करू.

असिनेल्ली 97 मीटर उंच आहे. आत लाकडी जिना, 498 पायऱ्यांचा. एवढी उंच जागा दिसली की कुणालाही काय करावंसं वाटतं? वरून काहीतरी टाकून बघावंसं! बोलोन्यातल्या शास्त्रज्ञांनाही तेच वाटलं. साधारण 1640 नंतरच्या काळात रिचोली नावाच्या पाद्र्याने इथून गोळे खाली सोडले. पण पडायला किती वेळ लागला हे मोजणार कशाने? सेकंद अचूक मोजेल असं भरवशाचं घड्याळ तेव्हा नव्हतंच. त्याने लंबक घेतला, आणि लंबकाचा एक झोका म्हणजे नेमका किती वेळ हे ठरवण्यासाठी नऊ पाद्री आळीपाळीने बसवून अख्खा एक दिवस, रात्रीसकट, झोके मोजून घेतले. सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास भरले! मध्येच कुणाला डुलकी लागली असती तर? रिचोलीला गॅलिलिओची मतं सगळीच पटत नव्हती. पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढत जातो याबद्दलचा गॅलिलिओचा नियम मात्र बरोबर निघाला, आणि रिचोलीने तसं सरळ छापून टाकलं.

पुढे 1791 च्या सुमारास गुल्येल्मिनी नावाच्या माणसाने याच मनोऱ्याच्या आत पुन्हा गोळे सोडले. त्याला वेगळंच काहीतरी बघायचं होतं : पृथ्वी फिरते का? म्हणजे फिरते हे तोवर बहुतेकांनी मान्य केलं होतं, पण तिला फिरताना पकडलं कुणी होतं? लेझीमची रांग गोल वळताना आठवा. मधला मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो आणि टोकाच्या मुलाला धावावं लागतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा मनोऱ्याचा शेंडा म्हणजे रांगेचं टोक. तो पायथ्यापेक्षा किंचित जास्त वेगाने पूर्वेला धावत असतो. शेंड्यावरून सुटलेला गोळा हा जास्तीचा वेग बरोबर घेऊनच खाली येतो, म्हणून सरळ खाली न पडता जरासा पूर्वेला पडायला हवा. जरासा म्हणजे किती? जेमतेम एक-दीड सेंटिमीटर! मनोरा कलता, वारा त्रास देणार, आणि शोधायचंय बोटभर अंतर. तरी गोळे पूर्वेलाच पडले. एवढी चिकाटी माझ्यात नाही, म्हणून मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

चला, स्त्रादा माज्जोरे या रस्त्याने जरा पुढे. पाऊस आला किंवा बर्फ पडला तरी काळजी नाही, कारण इथल्या फुटपाथांवर छप्पर असतं. घराचे वरचे मजले रस्त्याच्या बाजूला पुढे आलेले, त्यांना खालून खांब आणि कमानी, आणि त्या पडवीतून जाणारी-येणारी माणसं. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर कमानींखालून चालला असाल तर तसंच. फक्त बोलोन्याच्या जुन्या गावात अशा पडव्या 38 किलोमीटर आहेत! गावाबाहेरच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत जाणाऱ्या एका पडवीला तर 666 कमानी आहेत. ती आज नको, मोजता मोजता संध्याकाळ होईल.

1288 साली नगरपालिकेने नियम केला की नव्या घराला पडवी हवीच, आणि तिच्याखालून घोडेस्वार जाऊ शकला पाहिजे. म्हणजे उंची कमीत कमी सात फूट. पण फूट कुणाचा? तुमच्या पट्टीवरच्या सात फुटांत तर घोडेस्वाराचं डोकं आपटेल. आता मुख्य चौकात या आणि खिशातला दोरा काढा. चौकातल्या पालात्सो दाकुर्सिओ या जुन्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीत मापं कोरलेली आहेत. त्यातला बोलोन्याचा फूट 38 सेंटिमीटरांचा. दोरा लावून बघा, बरोबर बसेल! असे सात म्हणजे 2 मीटर 66 सेंटिमीटर. शेजारी वीट केवढी असावी, कौल केवढं असावं याचीही मापं आहेत. दुकानदाराने गडबड केली की त्याला धरून भिंतीपाशी आणायचं. आपल्याकडे वीत आणि हात होते, पण माझी वीत आणि तुमची वीत सारखी कुठे असते? इथली वीत भिंतीत होती, त्यामुळे भांडणाला जागाच नाही.

याच वाड्याच्या दारावर पोप तेरावे ग्रेगरी यांचा पुतळा बसलाय. हे बोलोन्याचेच. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्या नावाने ओळखलं जातं. जुनं कॅलेंडर सूर्याच्या मागे दहा दिवस पडलं होतं, म्हणून 1582 साली त्यांनी 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट 15 ऑक्टोबर आणला. दहा ऑक्टोबरला वाढदिवस असलेल्या मुलांचं त्या वर्षी काय झालं असेल?

अजून थोडा वेळ हातात आहे. चौकातच पोदेस्ता वाड्याखाली कमानदार छताची एक वाट आहे. तिच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पुटपुटा. तिरक्या समोरच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या ताईला कानात सांगितल्यासारखं ऐकू जाईल, कारण आवाज घुमटाकार छताच्या कडेकडेने तिच्यापर्यंत पोचतो. विजापूरच्या गोलघुमटाचा हा धाकटा भाऊ. मधून जाणाऱ्या माणसांना काही ऐकू येत नाही, त्यामुळे कुणाबद्दल काय बोलायचं ते बोलून घ्या आणि पळा, बारा वाजून गेलेत!

सान पेत्रोनिओ चर्चचं दर्शनी तोंड अर्धंच झालंय, खाली संगमरवर आणि वर नुसत्या विटा. आत शिरून डावीकडे वळा. फरशीत एक सरळ रेघ बसवलेली दिसेल. जवळजवळ 67 मीटर लांब, खांबांच्या मधून अंग चोरून गेलेली. आता वर बघा. 27 मीटर उंचीवर, छतात, एक भोक आहे. त्याची रुंदी 27 मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या नेमका हजारावा भाग. हीच आपली कौलातली फट!

आधी 1576 साली दान्ती नावाच्या पाद्र्याने या चर्चमध्ये अशी रेघ आखली होती. नवं कॅलेंडर बनवणाऱ्या समितीतही तो होता. पण चर्च वाढवताना भोक असलेली भिंतच पाडली. मग 1655 मध्ये तिशीतल्या जोव्हान्नी कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने नवी, मोठी रेघ आखायचं ठरवलं. रेघ बरोबर उत्तर-दक्षिण हवी आणि वाटेत हे जाडजूड खांब! जमणार नाही असं लोक म्हणत होते. ती खांबांना चाटून गेली, आणि जमलं. तिच्या लांबीला सहा लाखांनी गुणलं तर पृथ्वीचा घेर येतो. वहीत करून बघा.

शू! आला बघा. अंधाऱ्या फरशीवर पश्चिमेकडून एक उजेडाचा ठिपका सरकतोय. ठिपका कसला, लंबगोल पाटच! रुंदीला 70 सेंटिमीटर आणि लांबीला पावणेदोन मीटरच्या वर. तुम्ही आडवे झालात तर त्यात झोपाल. (होऊ नका, ते देऊळ आहे.) सेकंदाला जवळजवळ अर्धा सेंटिमीटर या गतीने तो रेघेवर चढतो आणि अडीच मिनिटांत पलीकडे उतरतो. बरोबर मध्यावर आला की बोलोन्याची खरी दुपार. आपलं घड्याळ तेव्हा बारा वाजून तेरा मिनिटं दाखवतं, कारण इटलीचं घड्याळ बोलोन्याच्या पूर्वेकडच्या सूर्यावर लावलेलं आहे. मुंबईतही सूर्य डोक्यावर येईपर्यंत साडेबारा वाजून जातात, ते याचमुळे.

आज तो रेघेच्या अगदी उत्तर टोकाला पडला. तिथे मकर राशीची खूण आहे. सूर्य आज आकाशात सगळ्यात खाली आहे ना, त्यामुळे किरण तिरपे येतात आणि लांब जातात. 21 जूनला आलात तर हाच कवडसा दुसऱ्या टोकाजवळ, कर्क राशीपाशी, जेवणाच्या ताटाएवढा पडतो. पण थेट भोकाखाली? कधीच नाही. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आपली सावली पायाखाली गडप होते, तो शून्य सावलीचा दिवस बोलोन्याच्या नशिबात नाही. ते कर्कवृत्ताच्या फारच उत्तरेला आहे.

आता खरी गोष्ट ऐका. सूर्य ताऱ्यांमधून हिवाळ्यात जरा भराभर सरकताना दिसतो, उन्हाळ्यात रमतगमत. का? काही पंडित म्हणत, वेग तोच असतो, हिवाळ्यात सूर्य जवळ असतो म्हणून नुसता भास होतो. एसटीतून जवळचं झाड झरकन मागे जातं आणि लांबचा डोंगर हळू, तसं. खगोलशास्त्रज्ञ केपलर म्हणाला होता, अर्धा भास आहे आणि अर्धा वेग खराच वाढतो. कॅसिनीने काय केलं? कवडसा मोजला, दिवसामागून दिवस. भोकापासूनचं अंतर बदलल्यामुळे होणारा लहान-मोठेपणा हिशेबातून काढून टाकला आणि सूर्याचं बिंब किती वाढलं ते पाहिलं. सगळा भासच असता, तर वेग वाढला तेवढंच बिंबही वाढलं असतं. ते वाढलं, पण निम्मंच. उरलेला निम्मा वेग खरा! म्हणजे कवडशाने केपलरला कौल दिला. तेही गॅलिलिओवर खटला भरणाऱ्या चर्चच्याच एका देवळात, त्यानंतर जेमतेम बावीस वर्षांनी. मला हे आठवलं की दर वेळी हसू येतं.

धुकं असेल तर मात्र यातलं काही दिसत नाही, आणि या भागात डिसेंबरात धुकं फार. मग उद्या परत यायचं. कॅसिनीलाही तसंच करावं लागलं असणार.

चर्चच्या मागच्या चौकात शास्त्रज्ञ गॅल्व्हानीचा पुतळा उभा आहे, हातातल्या पाटीकडे बघत. पाटीवर बेडकाचे पाय! मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळे धातू लावले तर पाय उडतो, हे त्याने पाहिलं आणि 1791 मध्ये छापलं. वीज बेडकातच आहे असं त्याला वाटलं. व्होल्टा म्हणाला, छे, ती धातूंमधून येते. आणि या भांडणातून 1800 साली बॅटरी जन्मली. तुमच्याकडची गॅल्व्हनाइज्ड बादली याच्याच नावाची.

रात्री जेवायला ताल्यातेल्ले. अंडी घालून मळलेल्या पिठाच्या लांब पट्ट्या, वर खिम्याचा रस्सा. पट्टी केवढी रुंद असावी? तुम्हाला वाटेल, बल्लवाच्या मर्जीवर. हे बोलोन्या आहे! इथल्या व्यापारी मंडळात 1972 पासून सोन्याची एक पट्टी जपून ठेवलीय. शिजलेली ताल्यातेल्ले 8 मिलिमीटर रुंद हवी, म्हणजे असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. हिशेब बरोबर येतो की नाही ते मी दोऱ्याने ताटातच तपासत होतो, एकेक पट्टी सरळ करून शेजारी शेजारी मांडत. सातवी मांडेपर्यंत समोरून आवाज आला : आधी जेव, गार होतंय ते!