अकरांमागची फळी

1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला 4-0 असे हरवले. वर्षभरापूर्वीच फाळणी झाली होती आणि कितीतरी कसलेले खेळाडू सीमेपलीकडे गेले होते. 1936 मध्ये बर्लिनला भारताकडून सुवर्णपदक जिंकणारे अली दारा लंडनला आले ते पाकिस्तानचे कर्णधार म्हणून. तरीही भारतीय संघ डगमगला नाही, कारण दुसरी फळी तयार होती. लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ हे त्या विजयी संघातले मुंबईकर.

ही फळी आपोआप उभी राहिली नव्हती. मुंबईत आगाखान करंडकाची चुरस होती. रेल्वे आणि टाटांसारख्या कंपन्यांचे संघ होते, चांगल्या खेळाडूला नोकरीचा आधार होता. पुण्यात खडकीच्या लष्करी वस्तीत मुले स्टिक हाती घेऊनच वाढत. धनराज पिल्ले तिथलेच. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करत आणि मुले मोडक्या स्टिक दोरीने बांधून खेळत.

1976 मध्ये मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत थेट सातवा आला. गवतावर मनगटाचे कसब तारून नेई. टर्फवर वेग आणि दमसास हवा. 1990 च्या दशकात खेळ चालू असताना हवे तितक्या वेळा खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली. आता बाकावरचा सोळावा खेळाडूही पहिल्याइतकाच तयारीचा लागू लागला. टर्फ मोजकीच असल्याने आपल्याकडे तसे खेळाडू घडण्याची वाटच अरुंद झाली.

त्यात जे होते तेही जपले गेले नाहीत. 1998 मध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळाले. त्यानंतर लगेच त्यांच्यासह काही अनुभवी खेळाडूंना वगळण्यात आले. 2000 मध्ये सिडनीत पोलंडने शेवटच्या क्षणी 1-1 अशी बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली. 2008 मध्ये सांतियागोत ब्रिटनकडून हरल्यावर तर 80 वर्षांत प्रथमच ऑलिंपिकचे दार बंद झाले. एकट्या धनराजने कितीही धाव घेतली तरी मागची पोकळी भरणारी नव्हती.

टोकियो आणि पॅरिसच्या कांस्यपदकांनी देशाची हॉकी सावरली. मात्र त्या दोन्ही संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. आशा दाखवली ती फलटण तालुक्यातल्या मुलींनी. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे शेतकरी मुलखातून भारतीय महिला संघापर्यंत पोहोचल्या. पुणे जिल्ह्यातल्या राहू बेटातल्या मुलींच्या अंगातही तीच रग आहे. त्यांना शाळेत स्टिक, तालुक्याला टर्फ आणि वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा द्यायला हव्यात. एखादा धनराज नशिबाने लाभतो. त्याच्यामागची फळी मात्र आपणच घडवावी लागते.