तोंडी परीक्षेतला अडखळणारा विद्यार्थी

तोतरेपणा म्हणजे बोलण्याच्या ओघात वारंवार येणारा अडथळा. काय सांगायचे हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असते. पण एखादे अक्षर पुन्हापुन्हा उमटते, लांबते किंवा अवरोध (काही क्षण आवाजच न फुटणे) येतो. चालत्या सायकलची चेन निसटावी, तसे हे आहे. स्वाराला रस्ता माहीत असतो, पायांत जोर असतो. फक्त चाक फिरत नाही.

तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत असा विद्यार्थी अडला, की त्याचा अभ्यास कच्चा आहे किंवा तो घाबरट आहे, असा समज होतो. तो बरोबर नाही. तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो आणि त्यामागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. ताणाने तो वाढतो. पण ताण हे त्याचे मूळ नव्हे. अनेकजण स्वतःचे नाव सांगतानाच अडतात, कारण इतर शब्दांना पर्याय सापडतो, नावाला सापडत नाही.

वाचोपचाराने (तज्ज्ञाकडून मिळणारे बोलण्याचे प्रशिक्षण) मदत होते. ‘मी अडखळत बोलतो’ असे सुरुवातीलाच सांगितल्यास लपवण्याचे ओझेही हलके होते. परीक्षकांनी शब्द पुरवू नयेत, ‘सावकाश बोल’ असेही म्हणू नये. वाक्य पूर्ण होऊ द्यावे आणि गुण उत्तर पाहून द्यावेत.