निधनवार्तेत न मावणारा अभियंता

नागपूरच्या दैनिकांतील निधनवार्तांना एक ठरीव साचा असतो: नाव, वय, प्रतापनगर, खामला किंवा त्रिमूर्तीनगर असा पत्ता, ‘विद्युत मंडळाचे निवृत्त कार्यकारी अभियंता’ असे पद, सहकारनगर घाटावरील अंत्यसंस्काराची वेळ आणि शेवटी ‘पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा आप्तपरिवार’. या साच्यात नोकरी वरच्या ओळीत बसते आणि कुटुंब खालच्या. त्या नोकरीने घराचे दिवस कसे घडवले आणि घराने ती नोकरी कशी पेलली, हे मात्र कोणत्याच ओळीत येत नाही. वीज अभियंत्यांच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या बाबतीत आयुष्याचा मोठा भाग नेमका तोच होता.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी, म्हणजे राज्यनिर्मितीनंतर दोन महिन्यांच्या आत झाली, आणि त्याच वर्षी नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, जे आज व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाते. प्रतापनगरपासून ते फार दूर नाही. विदर्भातल्या खेड्यांतून आणि तालुक्यांतून आलेली, अनेकदा घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुले तेथे विद्युत अभियांत्रिकी शिकली आणि कनिष्ठ अभियंता म्हणून मंडळात लागली. १९७४ ते १९८३ या काळात शहराच्या उत्तरेला कोराडी येथे एकूण ११०० मेगावॅटचे सात संच उभे राहिले. संच म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून होणारे वीजनिर्मितीचे एक पूर्ण एकक. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर त्याला तासाला सव्वाशे ते दीडशे टन कोळसा लागतो.

या कामातील जोखीम समजण्यासाठी बंद पडलेला संच पुन्हा ग्रिडला, म्हणजे सर्व केंद्रे व उपकेंद्रे जोडणाऱ्या वीजजाळ्याला, कसा जोडतात ते पाहणे पुरेसे आहे. भारतात प्रवाहाची वारंवारिता सेकंदाला ५० आवर्तने ठरलेली असल्यामुळे अशा संचाचे जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते. पण फेरे जुळले म्हणजे काम झाले असे नाही. जनित्राचा दाब ग्रिडच्या दाबाशी जुळावा लागतो, वारंवारिता जुळावी लागते आणि दोन्हीकडील लहरींचे चढउतार एकाच क्षणी व्हावे लागतात. सिंक्रोस्कोप नावाच्या तबकडीवरचा काटा सावकाश फिरत बाराच्या खुणेशी येतो, तेव्हाच ब्रेकर जोडायचा. क्षण चुकला तर दोनशे मेगावॅटच्या यंत्राच्या दांड्यालाच झटका बसू शकतो. जुन्या संचांवर हा क्षण पकडणारा हात माणसाचा असे आणि तो पुष्कळदा रात्रपाळीच्या शेवटी, पहाटे, जागरणाने जड झालेल्या डोळ्यांनी पकडावा लागे. बॉयलरमधील नळी फुटली, म्हणजे केंद्राच्या बोलीत ‘ट्यूब लीकेज’ झाले, की संच बंद करणे, बॉयलर थंड होऊ देणे, वेल्डिंग, पाण्याच्या दाबाची चाचणी आणि पुन्हा ‘लाइटअप’ एवढी सगळी साखळी पार पडेपर्यंत संबंधित अभियंत्याने घरी केव्हा परतावे, याला वेळापत्रक नसे.

घराचे पंचांग यातूनच ठरत असे. नागपूरचा उन्हाळा म्हणजे मुलांना सुट्ट्या, पण शहरभर कूलर सुरू झाल्याने विजेची मागणी चढलेली आणि रजा मिळणे कठीण. पावसाळ्यात मागणी उतरते, म्हणून संचाची मोठी वार्षिक दुरुस्ती, म्हणजे ‘ओव्हरहॉल’, शक्यतो तेव्हाच काढतात; भाद्रपदातल्या महालक्ष्म्या नेमक्या त्याच दिवसांत येतात. महालक्ष्म्यांचे जेवण पाळी सुटण्याच्या वेळेवर ढकलणारी, पाळीवरून येऊन दुपारी झोपलेल्या बापासाठी पोरांना अंगणात पिटाळणारी आणि चंद्रपूरचे ऊर्जानगर, भुसावळचे दीपनगर अशा वसाहतींत बदलीनिशी संसार हलवणारी गृहिणी या नोकरीत बिनपगारी सहभागी होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. अशा माणसाला ‘कुटुंबवत्सल’ म्हणताना तो घरी किती होता हे मोजण्यात अर्थ नाही. मिळालेल्या तासांचे त्याने काय केले, दहावीचे गणित कोणी शिकवले, घरातला फ्यूज बांधताना मुलीच्या हाती टेस्टर कोणी दिला, हे पाहावे लागते.

प्रतापनगरसारख्या भागातले घर हा याच हिशेबाचा भाग होता. मंडळात सरकारी नोकरांसारखे निवृत्तिवेतन नव्हते, भिस्त भविष्य निर्वाह निधीवर. त्यामुळे निवृत्तीच्या आत नागपूर सुधार प्रन्यासाच्या किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या लेआउटमध्ये भूखंड घेऊन चार खोल्या बांधणे हीच म्हातारपणाची तरतूद ठरे. पुढे भारनियमनाची वर्षे आली, तेव्हा याच घरांच्या फाटकाशी शेजारी ‘लाईन केव्हा येणार?’ असे विचारीत उभे राहत, जणू सारी कळ त्या निवृत्त गृहस्थाच्या हातीच होती.

सार्वजनिक स्मृती संस्था उभारणाऱ्यांच्या वाट्याला येते. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवलेले डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर आयआयटी कानपूरचे पहिले संचालक झाले आणि तेथील ग्रंथालयाला त्यांचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. संच चालवणाऱ्याचे नाव मात्र पाळीच्या लॉगबुकातल्या सहीपुरते उरते. कोराडीतील १२० मेगावॅटचे चारही संच आता कायमचे बंद झाले असून त्याच केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच उभे आहेत, जे संगणकाच्या पडद्यांवरून चालतात. काट्यावर नजर ठेवून ब्रेकर जोडणारी पिढी सत्तरी-ऐंशी ओलांडत आहे. कोणत्या संचावर, कोणत्या साली आणि कोणासोबत काम केले, हे त्यांच्याकडून लिहून घेण्याचे काम सध्या तरी कोणत्याही कार्यालयाकडे नसून घरच्यांच्याच हाती आहे.