नळ्या एका दिशेला

कापसाचा पुंजका हातात धरून ओढा, लगेच सुटतो. त्याच कापसाचा पेळू करून सूत ओढलं, पीळ दिला, की ते सहजासहजी तुटत नाही. तंतू तेच, फक्त एका दिशेला लागले.

कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचंही असंच आहे. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष वेधलं. केसाहून हजारो पटींनी बारीक. पण लांबीच्या दिशेनं ताणल्या, तर पोलादाहून कितीतरी चिवट. मग प्लॅस्टिकमध्ये मिसळल्या की झालं? नाही ना! पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तसे त्यांचे गोळे होतात. सुट्या राहिलेल्या वाटेल तशा पडतात. ताण उभा आणि नळी आडवी, तर तिचा उपयोग काय?

मूळचे केरळचे पुलिकेल अजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नळ्या मिसळलेल्या इपॉक्सीचे त्यांनी अतिशय पातळ काप काढले. पाहतात तो, कापतानाच्या ओढीनं नळ्या सरळ होऊन एका दिशेला आलेल्या! कंगव्याचं काम पात्यानं करावं, याची मला मोठी मौज वाटते. पुढे पदार्थ ताणणं, चुंबकीय किंवा विद्युत क्षेत्रात ठेवणं, असेही उपाय झाले.

पण नळी गुळगुळीत. ती प्लॅस्टिकमधून निसटली, तर तिची ताकद तिच्यापाशीच राहते. म्हणून तिच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया करतात. शिवाय असा पदार्थ आडवा ताणला की लवकर फाटतो. त्यावर तोडगा प्लायवुडचाच : एक थर उभा, दुसरा आडवा.