आई-वडिलांकडून मिळालेले घर विकताना

आई-वडिलांचे घर विकले की पैशापाठोपाठ शंकाही येतात, आणि बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्यास त्या नेहमी ऐकाव्या लागतात. कोणास वाटते की विक्रीच्या पूर्ण रकमेवर कर बसेल. कोणास वाटते, घर फुकट मिळाले, तेव्हा कर कसला? दोन्ही समज चुकीचे आहेत.

वारसाहक्काने, मृत्युपत्राने अथवा बक्षीसपत्राने आई-वडिलांचे घर मिळते तेव्हा आयकर नाही. कर लागतो तो ते विकल्यावर, भांडवली नफ्यावर. हा नफा काढताना वडिलांनी मोजलेली किंमत हीच आपली खरेदी किंमत धरतात. त्यांनी घर १ एप्रिल २००१ पूर्वी घेतले असल्यास त्या तारखेचा बाजारभाव घेता येतो. मात्र तेव्हाचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून अधिक नाही. वडिलांच्या मालकीचा काळही धरून २४ महिने उलटून गेले असतील, तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो.

समजा, वडिलांनी १९८८ साली ८० हजारांत घर घेतले, २०१६ साली ते मुलाकडे आले व २०२५-२६ मध्ये ४० लाखांस विकले. जुन्या किमतीवरून १२.५ टक्के दराने कर ४ लाख ९० हजार. नोंदणीकृत मूल्यांकनकाराने २००१ चा भाव ६ लाख दाखविला, तर ४ लाख २५ हजार. घर २३ जुलै २०२४ पूर्वीचे असल्याने निवासी भारतीयास दुसरा मार्गही आहे: निर्देशांकानुसार ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात, उरलेल्या नफ्यावर २० टक्के, म्हणजे ३ लाख ४८ हजार ८००. उपकर वेगळा. म्हणून वडिलांचे खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या रद्दीत टाकू नयेत.

भावंडे असल्यास प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचा कर भरावयाचा असतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर बहिणीचा हिस्सा भावाइतकाच. खरेदीखतात किंमत कमी दाखवूनही उपयोग नाही, कारण रेडी रेकनरचे मूल्य १० टक्क्यांहून अधिक वर गेले की कर त्यावरच आकारतात.

नफा दोन वर्षांत दुसरे राहते घर घेण्यात, किंवा तीन वर्षांत बांधण्यात गुंतविल्यास सूट मिळते. परंतु तोवर पुष्कळजण ही रक्कम साध्या मुदत ठेवीत ठेवतात. ती चालत नाही. विवरणपत्राच्या मुदतीआधी न वापरलेली रक्कम ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’ या खास खात्यातच भरावी लागते. हे खाते प्रत्येक शाखेत उघडत नाही. आधी चौकशी करून जावे.